दऱ्या आणि दर्या



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण आज हैदराबादेत जमलो आहोत, त्या गुरुजींचे लेख संकेतस्थळावर चढविले गेले. परंतु वर्षभर शोधयंत्रास ते दिसेनात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने कारण दाखविले. मजकूर जुन्या टंकातला होता: पडद्यावर देवनागरी, पोटात मात्र रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, तरी असे टंक आपल्याकडे पुढे अनेक वर्षे नांदले. सारे लेख युनिकोडमध्ये आणले.

तरीही एक लेख स्थळाच्या शोधखिडकीत सापडेना. शीर्षकात ‘दऱ्या’ हा शब्द! हा अर्धा र दोन रीतींनी टंकित होतो: खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन, किंवा साध्या र-ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला निराळे. ते चिन्ह गळाले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि आचाऱ्यांचे बोलावणे आचार्यांना जाते! पाठभेद जुळविण्यात माझी हयात गेली. हा पाठभेद मात्र मला जन्मात दिसला नसता. सर्व लेखांत एकच रूप ठेवले. गेल्या आठवड्यात गुरुजींच्या नातीने तो लेख स्वतः शोधून वाचला.