कासोटा, अंबाडा आणि लोकमत

उज्जैनच्या एखाद्या मराठी घरात रविवारी सकाळी चार माणसे चहाला जमली आणि गोष्टी निघता निघता गव्हाच्या भावावर किंवा धरणातील पाण्यावर आल्या, तर त्यांतील दोघे तरी "आपल्याला त्यातले फारसे कळत नाही" असे म्हणून गप्प बसतात. परंतु शेजारच्या मुलीने केस खांद्यापर्यंत कापले एवढे नुसते कोणी बोलून जाऊ द्या. मग न कळणारा असा एकही उरत नाही. स्त्रियांचा वेष व केशभूषा हा विषयच असा आहे, की त्यावर मत देण्यास अभ्यास लागत नाही, अनुभव लागत नाही, आणि ज्याने जन्मात कधी लुगडे नेसले नाही त्याचे मत तर सर्वांत ठाम असते.

या नगरीला स्त्रियांच्या केसांचे कौतुक मात्र नवे नाही. मेघदूतात कालिदासाने मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनीस जावयास सांगितले आहे. आणि तेथे प्रवासाने शिणलेल्या त्या मेघाचा देह पुष्ट व्हावयाचा तो कशाने, तर गवाक्षांतून बाहेर पडणाऱ्या, केस सुगंधित करण्यासाठी जाळलेल्या धूपाच्या धुराने. इतका धूर निघत होता म्हणजे धूपाचा खर्चही काही थोडा नसावा. तरीही कवीने त्यावर चैनीचा ठपका ठेवला नाही. त्याने त्यात नगरीचे वैभव पाहिले.

येथील मराठी घराण्यांचा इतिहास अठराव्या शतकापासूनचा आहे. राणोजी शिंद्यांचे ठाणे उज्जैनला बसले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले, पुढे बायजाबाई शिंद्यांनी गोपाळमंदिर बांधविले. सरकारबरोबर कारकून, शिलेदार, शास्त्री आणि भिक्षुक आले, आणि त्यांच्या कुटुंबांबरोबर नऊवारी लुगडे माळव्यात आले. गंमत अशी की लुगडा हा शब्द माळव्यातही आहेच. परंतु तेथे तो घागऱ्यावर घ्यावयाच्या ओढणीला लागतो. एकाच शब्दाची ही दोन वस्त्रे एकाच घाटावर वाळत पडली असतील, तेव्हा दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींविषयी काय मत दिले असेल याची कल्पना करता येते. माळवी बाई तोंडावर घुंगट ओढी, पण तिचा घागरा पोटऱ्या झाकी. मराठी बाई, सरदार घराण्यांतील गोषा सोडल्यास, उघड्या तोंडाने वावरे, पण कासोट्यामुळे तिच्या पोटऱ्या दिसत. मर्यादा दोघींनाही होती; फक्त ती अंगाच्या कोणत्या भागावर राहते याविषयी दोन समाजांचे एकमत नव्हते.

आज ज्या साडीला पारंपरिक वेष म्हणतात, तिची हकीगत पाहण्यासारखी आहे. महाकालेश्वराच्या गाभाऱ्यात जावयाचे तर पुरुषांनी सोवळे नेसावे आणि स्त्रियांनी साडी, हा नियम यात्रेकरूंच्या परिचयाचा आहे. सलवार-कमीज घालून आलेल्या मुलीला अशा वेळी कोणी वडीलधारी स्त्री साडीचे महत्त्व समजावून सांगू लागते. परंतु ती स्वतः जी साडी नेसलेली असते ती पाचवारी असते, गोल नेसलेली असते, आत परकर आणि वर पोलके असते. तिच्या आजेसासूने हा वेष पाहिला असता तर तिला देवघराच्या उंबऱ्याबाहेरच उभे केले असते. कासोट्यावाचून स्वयंपाकाला हात लावावयाचा नाही, पूजेला बसावयाचे नाही, अशी मराठी ब्राह्मण घरांची शिस्त होती, आणि गोल पातळ प्रथम घरात आले तेव्हा सकच्छ नेसावे की विकच्छ यावर घरोघर कडाक्याची भांडणे झाली. ज्या वस्त्रामुळे त्या काळच्या सुनांना बोल ऐकावा लागला, तेच आज नातींना बोल लावण्याच्या कामी येते.

या गोल नेसण्याचा उगम एकाच ठिकाणी दाखविता येत नाही. सत्येंद्रनाथ ठाकुरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ मध्ये मुंबई इलाख्यात आल्या असता पारशी स्त्रियांची पद्धत पाहून त्यांनी साडी, जाकीट व परकर असा पेहराव सिद्ध केला आणि तो बंगालमध्ये नेला. महाराष्ट्रात आनंदीबाई जोश्यांचे उदाहरण आहे. १८८३ साली श्रीरामपूरच्या जाहीर भाषणात, आपण अमेरिकेत हिंदू म्हणूनच राहू, असे त्यांनी सांगितले आणि ते पाळले. तथापि तिकडील थंडीत नऊवारीने पाय उघडे राहतात हे ध्यानी आल्यावर त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसावयास सुरुवात केली. धर्म सोडला नाही, साडीही सोडली नाही. नेसण्याची रीत तेवढी बदलली, आणि ती कोणास विचारून बदलली नाही. १८८६ साली त्या वैद्यकीची पदवी घेऊन परत आल्या. पुढच्याच वर्षी त्या वारल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस होते.

गोपाळ गणेश आगरकरांनी तर स्त्रियांनी जाकिटे घालावीत असा स्वतंत्र निबंधच लिहिला. आज तो वाचताना कोणास हसू येईल. एवढ्या मोठ्या विचारवंताने जाकिटासाठी लेखणी झिजवावी! परंतु आखूड चोळीऐवजी अंगभर जाकीट ही त्या काळी नवी फॅशनच होती. पुढे त्याच जाकिटाचे पोलके आणि पोलक्याचे ब्लाऊज झाले. तेव्हा सुधारकांची बाजू अंग अधिक झाकण्याची होती, आणि सनातनी मंडळी जुन्या, आखूड चोळीच्या बाजूने उभी होती, हे विसरता कामा नये.

सामान्य घरांत मात्र हे बदल तत्त्वापेक्षा सोयीने झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, कापडावर नियंत्रण आले. त्या दिवसांत लुगड्यामागे चार वार कापड वाचणे ही लहान गोष्ट नव्हती. मुली शाळेत जाऊ लागल्या, सायकलीवर बसू लागल्या, कचेऱ्यांत व इस्पितळांत कामे करू लागल्या. पुढे स्कूटर आली, आणि सलवार-कमीज हा उत्तरेकडचा वेष मराठी घरांनी कोणत्याही परिषदेत ठराव न होता स्वीकारला.

आणि पुरुषांचे काय झाले? शिंदेशाही पगडी गेली, अंगरखा गेला, उपरणे गेले, शेंडी आणि घेरा गेला, धोतर जाऊन पाटलोण आली. याविषयी घराघरांत परिसंवाद झाल्याचे ऐकिवात नाही. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' या पुस्तकात पुरुषांना हाच प्रश्न केला होता, की तुम्ही साहेबाचा पोशाख अंगावर चढविलात, मग धर्माचे सगळे ओझे आमच्याच डोक्यावर का? त्या प्रश्नाला अद्याप नीट उत्तर मिळालेले नाही.

वस्त्राविषयीचे वाद तरी हसत हसत बोलता येतात. केसांची गोष्ट तशी नाही.

उज्जैनमधील एका घरात अलीकडे असे घडले. नात अकरावीत होती. पहाटे साडेपाचला शिकवणीस जावयाचे, उन्हाळ्यात नळाच्या पाण्याची ओढ, त्यात कमरेइतके केस धुवावयाचे, वाळवावयाचे, विंचरावयाचे. एके दिवशी ती केस खांद्यापर्यंत कापून घरी आली. आईने थोडी आदळआपट केली. वडील "वाढतील पुन्हा" म्हणून वर्तमानपत्रात शिरले. आजी मात्र दोन दिवस बोलली नाही, जेवणही धड केले नाही. तिसऱ्या दिवशी नात तिच्याजवळ जाऊन बसली.

"आजी, एवढी का गं रागावलीस? केसच तर कापले."

"रागावले नाही गं. मला माझ्या आजीचे डोके आठवले."

मग तिने सांगितले. ती सहा-सात वर्षांची असताना मागल्या पडवीत ठराविक दिवशी न्हावी येई. लाल आलवण नेसलेली तिची आजी खाली मान घालून त्याच्यापुढे बसे. मुलांना तेथून हुसकून लावीत. पण ही दाराच्या फटीतून पाही. आजी रडत नसे. झाल्यावर ती घागरभर पाणी डोक्यावरून घेई आणि दिवसभर कोणाशी बोलत नसे. तिचा नवरा वारला तेव्हा ती नातीच्याच वयाची होती. सौभाग्यवतीने केसांना कात्री लावू नये हे आजीच्या मनात बसले होते ते कोण्या पोथीतून आलेले नव्हते. ते त्या पडवीतून आलेले होते.

केशवपनाची चाल मोडावयास किती खटपट करावी लागली हे आजच्या मुलींना ठाऊक असावयास हवे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक समाजाची मंडळी एकत्र आली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावावयाचा नाही असे त्यांनी ठरविले. शास्त्री पंडितांचा वाद चालूच होता. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि गावाचा बहिष्कार सोसला. एवढे होऊनही ती चाल लगेच गेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक घरांच्या माजघरांत अशा वृद्धा होत्या.

या आजीचे दुःख आणि चहाच्या बैठकीतील शेरेबाजी ही एका मापाने मोजता येणार नाहीत. परंतु नातीचे केस आणि पणजीच्या आजेसासूपासून चालत आलेली ती कात्री, यांतही महदंतर आहे. एकीचे केस दुसऱ्यांनी काढले. दुसरीने आपले आपण कापले. दोन्हींकडे कात्री दिसते म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. आजीला हे नातीने त्या दुपारी आपल्या भाषेत सांगितले असावे. काय सांगितले ते त्या दोघींनाच ठाऊक.

बाकी फॅशनची लाट म्हणावी तर ती प्रत्येक पिढीने पाहिली आहे. १९६० साली 'लव्ह इन सिमला' हा चित्रपट आला आणि नायिका साधना हिच्या कपाळावरील झुलपांनी देशभरच्या मुलींना वेड लावले. ज्यांनी तेव्हा आईची बोलणी खाऊन 'साधना कट' केला, त्याच आज आज्या होऊन नातींच्या केसांना नावे ठेवतात. आता माळव्याच्या उन्हात मुली स्कूटरवरून जाताना डोके व तोंड ओढणीने असे गुंडाळतात की डोळेच तेवढे दिसावेत. घुंगट गेला म्हणून हळहळणारी मंडळी आता म्हणतात, "तोंड का झाकता?"

धर्मस्थळांतील मस्तकावरील पदर हाही असाच प्रश्न आहे. महाकालाच्या भस्मारतीत भस्म चढत असता स्त्रियांना पदर तोंडावर घ्यावयास सांगतात. ख्रिस्ती मंदिरांतही स्त्रीने डोके झाकूनच प्रार्थनेस यावे असा नियम १९१७ च्या कॅथॉलिक धर्मसंहितेत स्पष्ट लिहिलेला होता. १९८३ च्या नव्या संहितेत तो घातला नाही. त्यामुळे कोणाची भक्ती उणी झाली असे दिसत नाही; आणि ज्या वृद्ध स्त्रिया अजूनही डोक्यावर पदर घेऊन गुडघे टेकतात त्यांना कोणी मागासलेल्या म्हणावे असेही नाही.

नव्या वेषावर टीका करावयाची जागाच नाही असे मात्र नाही. मे महिन्याच्या उज्जैनी उन्हात अंगाला चिकटणारे कृत्रिम धाग्याचे तंग कपडे घालणे हे शहाणपणाचे नव्हे. केस सरळ करण्याच्या काही रसायनांतून फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. ती लावून घेणारीपेक्षा दिवसभर लावणाऱ्या मुलीच्या फुप्फुसांची काळजी अधिक वाटावी. स्त्रियांच्या कपड्यांना धड खिसा नसतो, यावर तर कोणी मतच देत नाही. आणखी एक गोष्ट अशी की साडी मागे पडली तर भैरवगडच्या छिपांचे आणि महेश्वर-चंदेरीच्या विणकरांचे काय, ही चिंता खरी आहे. क्षिप्राकाठच्या त्या छपाईला २०२३ साली उज्जैन बाटिक या नावाने भौगोलिक निर्देशांकन मिळाले. पण त्या कारागिरांनी हातपाय गाळले नाहीत. मेणाचा तोच ठसा आता ओढणीवर, कुर्त्याच्या कापडावर आणि पलंगपोसावर उठतो.

इकडे नऊवारीही परत आली आहे. गुढीपाडव्याच्या मिरवणुकीत तरुण मुली नऊवारी नेसून, नथ घालून मोटारसायकल चालवितात. पण ती नऊवारी बहुधा शिंप्याने शिवलेली असते आणि पायजम्यासारखी पायांतून वर चढविली जाते. जुन्या बायकांना यावर हसावे की डोळे पुसावेत हे कळत नाही.

त्या घरातील नातीनेही या पाडव्याला तशीच शिवलेली नऊवारी घातली. अंबाड्याला केस पुरेनात, तेव्हा आजीने आपल्या पेटीतून जुने गंगावन काढून दिले आणि स्वतःच्या हाताने बांधले. शनिवारी रात्री ती नातीला पुढ्यात बसवून तिच्या केसांना तेलही चोळून देते. तेल आता निम्मे लागते, एवढाच तिचा शेरा असतो.