ग्रहण, विळी आणि माझी मुलगी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. अंगावरून गेले तेच सांगते. चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

१५ जानेवारी २०१० रोजी भरदुपारी सूर्यग्रहण होते. मला सातवा महिना. लहान पुतण्या भुकेने रडत होता, म्हणून मी विळीवर दोन बटाटे चिरले. मार्चमध्ये मुलगी झाली. तिचा वरचा ओठ नि टाळू दुभंगलेले. सासूबाई म्हणाल्या, "ग्रहणात चिरलंस, त्याचं फळ!" मला राग आला नाही, कारण माझ्या मनातही तेच आले होते. माझ्या आईनेही तेच शिकवले होते. आम्ही बारसे केले नाही. कोणी आले की मी बाळावर पदर ओढून घेई.

बाळाला अंगावर ओढता येईना. दूध नाकातून येई. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बाळाला उभे धरून बोंडल्याने पाजायला शिकवले. डॉक्टरीणबाईंना मी विळीची गोष्ट रडत सांगितली. त्या म्हणाल्या, "अहो, ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो, टाळू तिसऱ्यापर्यंत. ग्रहण सातव्यात होते ना?" सासूबाईंनी बोटांवर महिने मोजले. बोलल्या काही नाहीत. पण परत येताना बाळ स्वतःच्या मांडीवर घेतले आणि त्याच्या तोंडावरचा पदर बाजूला केला.

चौथ्या महिन्यात ओठाचे व वर्षाने टाळूचे ऑपरेशन झाले. मुलगी आता दहावीला आहे. तिनेच मला वाचून दाखवले, की मेक्सिकोतही ग्रहणाने ओठ फाटतो असे मानतात. पण तिथली गरोदर बाई मुद्दाम किल्ली नाहीतर पिन पोटाशी बाळगते. म्हणजे ग्रहण एकच. तिथले लोखंड राखते, आपले बिघडवते! ज्याला वडीलधाऱ्यांनी जे सांगितले, तेच त्याला दुःखाच्या वेळी आठवते. त्यांनी ते मायेनेच सांगितलेले असते. पण त्यापायी आई गुन्हेगार ठरते, आणि उपचाराचे दिवस निघून जातात.

२६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात धाकट्या जावेला दिवस गेले होते. सासूबाई तिला म्हणाल्या, "तू आपली बसून राहा, पण चुकून काही चिरलंस, तर भिऊ नकोस."

बहिणींनो, २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होते, उपचारही मोफत होतात. शेजारी असे मूल जन्मले तर "तू काय केलंस?" असे त्या आईला विचारू नका. "दवाखान्यात सोबत येऊ का?" असे विचारा.