आवाजाला आधी वाट
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाच्या पत्रकात ‘दळणवळण’ या सदराखाली दाखविलेल्या रकमेविषयी काही देणगीदारांनी पृच्छा केली आहे. अकोले तालुक्यातील आपल्या आरोग्य केंद्रासाठी अधिक वेगाची पर्यायी जोडणी का घेतली नाही, असा त्यांच्या प्रश्नाचा आशय आहे. प्रश्न रास्त आहे.

कळसूबाईच्या पायथ्याचा हा मुलूख. पावसाळ्यात दरड कोसळून फायबर तुटले, की केंद्राचा सारा भार 256 किलोबिट वेगाच्या पर्यायी जोडणीवर येतो. याच वाटेने तेथील परिचारिका येथील डॉक्टरांशी बोलते आणि याच वाटेने क्ष-किरण चित्रे येतात. छातीचे एक चित्र सुमारे 10 मेगाबाइटचे. ते यावयास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. ते आणखी थोडे उशिरा आले तरी चालते. आवाजाचे तसे नाही. “दुसरे इंजेक्शन देऊ नका” या वाक्यातील शेवटचा शब्द गळाला, तर नेमका उलटा आदेश ऐकू जातो.

गळीत हंगामातील आपल्या जिल्ह्याचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातील अडचण चटकन उमजेल. अरुंद पुलाशी उसाच्या वाहनांची रांग लागली असता रुग्णवाहिकेला पुढे काढावे, हे झाले प्राधान्य. परंतु दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर एकदा पुलावर चढला, की तो उतरेपर्यंत रुग्णवाहिकेलाही थांबावेच लागते. संगणकाची माहितीही अशीच लहानमोठ्या पाकिटांतून जाते. 1500 बाइटचे मोठे पाकीट 256 किलोबिटच्या जोडणीवर चढविण्यास सुमारे 47 मिलिसेकंद लागतात. आवाजाचे छोटे पाकीट साधारणतः दर 20 मिलिसेकंदांनी निघते. म्हणजे तेवढ्यात आवाजाची दोन पाकिटे खोळंबतात. जुन्या 64 किलोबिटच्या जोडण्यांवर हाच खोळंबा 187 मिलिसेकंदांचा होई. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने चांगल्या संभाषणासाठी सुचविलेली एका दिशेच्या एकूण विलंबाची मर्यादाच मुळी 150 मिलिसेकंद आहे!

म्हणून ट्रॉल्या सोडवून एकेक पाठवावयाची. पाकिटाचे 320 बाइटपर्यंतचे तुकडे केले, की प्रत्येकास 10 मिलिसेकंद पुरतात आणि मधल्या फटीतून आवाज निघून जातो. पलीकडच्या टोकाला तुकडे जसेच्या तसे पुन्हा जोडले जातात. चित्राची स्पष्टता तिळमात्र घटत नाही. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालावा लागत असल्याने चित्र किंचित उशिरा पोहोचते, एवढेच. फायबरवर 10 मेगाबिट वेगाने हेच मोठे पाकीट 1.2 मिलिसेकंदांत जाते. तेथे तुकडे करणे हा निव्वळ नसता उद्योग ठरला असता. तेथे केवळ प्राधान्य ठेवले आहे.

पर्यायी जोडणीचा वेग दुप्पट केला असता, तर वाढीव भाडे वर्षानुवर्षे भरावे लागले असते आणि चित्रांची रांग आवाजापुढे तशीच उभी राहिली असती. दोन्ही टोकांच्या राउटरमध्ये ही व्यवस्था करून घेण्याचा खर्च मात्र एकदाच झाला.

प्राधान्यालाही मर्यादा हवी, अन्यथा चित्रे व प्रयोगशाळेचे अहवाल कायमचे अडतील. वाटेचा सुमारे एकतृतीयांश भाग आवाजासाठी राखला आहे. त्यात एका वेळी तीन संभाषणे मावतात. चौथ्याला ‘व्यस्त’ असल्याचा ध्वनी ऐकू येईल. तेव्हा आप्तजनांना विनंती, की फायबर तुटलेल्या दिवशी भेटीच्या वेळा, देयके इत्यादींची चौकशी केंद्राच्या या क्रमांकावर न करता रुग्णालयाच्या स्वागतकक्षाकडे करावी.