बाळ, एवढे वाचून दाखव
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला शाळेवर बोलायला सांगितले तेव्हा मला हसूच आले. माझी शाळा सातवीला सुटली. तुमच्यांतल्याही कितीजणींची तशीच सुटली. तेव्हा शिक्षणशास्त्र मला विचारू नका. डोळ्यांदेखत घडले तेवढे सांगते.

तीन वर्षांपूर्वी मला शाळेच्या व्यवस्थापन समितीवर घेतले. २००९ च्या कायद्याप्रमाणे या समितीत निदान तीन-चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका. त्या निम्म्यांत मी. सभेला जायचे, चहा घ्यायचा, वही पुढे आली की सही करायची. खिचडीत मीठ जास्त पडते, एवढे मी एकदा बोलले होते. मुलांना काय येते हेही विचारायचे असते, हे माझ्या गावीही नव्हते.

गेल्या वर्षी नव्या मुख्याध्यापिका आल्या. पहिल्याच सभेत, चहाच्या आधी, त्यांनी आम्हांला पाचवीच्या वर्गात नेले. म्हणाल्या, "एकेका मुलाला जवळ घ्या आणि हा कागद वाचायला सांगा." कागदावर आधी अक्षरे, मग शब्द, मग चार ओळींचा उतारा आणि शेवटी दुसरीच्या मुलाला वाचता यावी अशी गोष्ट. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५ पासून खेड्यांतल्या मुलांना घरी जाऊन असेच वाचायला लावतात, असे त्यांनी सांगितले.

माझ्या वाट्याला दोन मुली आल्या, आणि तिसरा माझाच मुलगा. शब्द वाचले. उताऱ्याच्या दुसऱ्या ओळीला अडला नि खिडकीबाहेर पाहू लागला. भगिनींनो, त्याच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी माझी सही आहे! घरी तो धडे घडाघडा म्हणायचा. ते पाठ केलेले होते हे आईला कळू नये? त्या रात्री मला जेवण गेले नाही.

मला वाटले, आता वर्गाच्या बाईंवर खापर फुटणार. पण मुख्याध्यापिकाबाई आमच्यासमोर त्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी वेळापत्रक बदलले. रोज पहिला दीड तास तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता विसरून बसू लागली. अक्षरे येणारी एका खोलीत, शब्द येणारी दुसरीत, उताऱ्याची तिसरीत. सर्वांत मागच्या मुलांना मुख्याध्यापिकाबाई स्वतः घेत. दाखल्यांची नि नोंदींची कामे दुपारी. त्या शिकवीत तेव्हा वर्गाच्या बाई मागे बसून पाहत, आणि पुढच्या आठवड्यात उलट. मधल्या सुट्टीत दोघींचे बोलणे चाले. तपासणी म्हणून कोणी मागे बसले तर आपलाही स्वयंपाक बिघडतो. पण आधी त्याच चुलीपुढे बसल्या होत्या, म्हणून बाईंना जड गेले नसावे.

माझा मुलगा तिसरीच्या पोरांत बसवला म्हणून रडला. खरे सांगते, मी भांडायलाच गेले होते. बाई म्हणाल्या, "तो जिथे थांबला आहे तिथूनच त्याला उठवावा लागेल ना?" पुढे काय बोलणार? आपल्याकडे ताराबाई मोडक नि अनुताई वाघांनी हेच केले होते. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. कोसबाडला तर गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली.

दिवाळीपर्यंत मुलाला उतारा आला, मार्चमध्ये गोष्ट. सावकाश वाचतो, पण वाचतो. सगळ्यांचे झाले असे नाही. चौघे अजून शब्दांवरच आहेत. दोघे मध्येच आईबापांबरोबर ऊसतोडीला गेले, त्यांचे राहिलेच.

आता शनिवारी सकाळी मुलांचे वाचन ऐकायला माणसे हवी आहेत. शिकवायचे नाही, शेजारी बसायचे, ऐकायचे, अडले तर थांबायचे. सध्या मंडळातल्या आम्ही चौघी जातो. मुले साठ आहेत. साडेसातला यावे, आणि चष्मा आठवणीने आणावा. कागदावरची अक्षरे फार बारीक आहेत.