करमणुकीचा पैसा कोणाच्या तिजोरीत?

(माण तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गासमोर केलेले भाषण)



माणमध्ये पाण्याचा हिशेब शेंबड्या पोरालाही पाठ असतो. टँकरच्या खेपा किती झाल्या, छावणीत जनावरे किती उभी राहिली, हे कोणीही सांगेल. घरातल्या पडद्यावर महिन्याकाठी जाणाऱ्या पैशाचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. रक्कम किरकोळ, विषय करमणुकीचा. कार्यकर्त्याने त्यात का लक्ष घालावे, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे.

मुंबई करमणूक शुल्क कायदा १९२३ सालचा, म्हणजे परकी सरकारचा. यात्रेतल्या तंबूतील सिनेमापासून शहरातील चित्रपटगृहापर्यंत प्रत्येक तिकिटामागे सरकारचा वाटा ठरलेला असे. ऐंशीच्या दशकात एस. टी. थांब्याशेजारच्या खोल्यांतून व्हिडिओ सुरू झाले. तो सिनेमा नव्हे, असा चालकांचा दावा होता. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि व्हिडिओवरचा खेळ चित्रपट नियंत्रणाच्या कक्षेतच येतो असे ठरवले. पुढे केबल आली आणि जोडणीमागे दरमहा शुल्क बसले. मुंबईत ते ४५ रुपयांपर्यंत गेले. खेड्यांत ते कमी होते. त्या शुल्कात दोष पुष्कळ होते. जोडण्यांचा खरा आकडा दडवणे हा तर धंद्याचा रिवाजच होऊन बसला होता. तरीही त्यात एवढा विवेक होता की, खेड्यातल्या माणसाला शहराच्या मापाने मोजले जात नव्हते.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि हा विवेक संपला. केबलवर सरसकट १८ टक्के. २०१९ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जाळ्याचे शुल्क कमाल १३० रुपये लागू केले, तेव्हा त्यावरचा कर २३ रुपये ४० पैसे झाला. मलबार हिलवरील सदनिकेत तेवढाच आणि गोंदवल्याच्या धाब्याच्या घरातही तेवढाच. त्यातला निम्मा केंद्राकडे जातो, निम्मा राज्याकडे. ज्या गावच्या रस्त्यावरून, भिंतीवरून, प्रसंगी लिंबाच्या फांदीवरून ती तार जाते, त्या गावाचे नाव या हिशेबात कोठेही नाही.

परवान्याची गोष्टही याच जातीची आहे. १९९५ च्या केबल कायद्याखाली स्थानिक चालकाची नोंदणी मुख्य टपाल कचेरीत होत असे. वर्षाला ५०० रुपये आणि दरवर्षी नवी खेप. (रेडिओ ठेवण्याचा परवाना टपाल कचेरीतून काढणारी पिढी अजून हयात आहे, तिला यात नवल वाटले नसेल.) जानेवारी २०२५ पासून ही नोंदणी संगणकावरून थेट केंद्रीय मंत्रालयाकडे होते. मुदत पाच वर्षे आणि शुल्क ५,००० रुपये. खेटे वाचले हे खरेच, आणि ते मान्य केले पाहिजे. पण एखाद्या वाडीवस्तीवर साठ घरांना तार पुरवणारा चालक आणि पुण्यात दोन हजार घरे सांभाळणारा चालक, दोघांनाही आकडा एकच. पहिल्याला घरामागे त्र्याऐंशी रुपये पडतात, दुसऱ्याला अडीच. माणमध्ये वस्त्या विखुरलेल्या आहेत, दोन घरांच्या मध्ये माळ पसरलेला असतो. एका घरासाठी जितकी तार ओढावी लागते, तितक्यात पुण्याची एक गल्ली होते. म्हणून इथे केबल गावठाणातच थांबते आणि वस्तीवरच्या छपरांवर फ्री डिशच्या छत्र्या दिसतात.

शुल्काच्या आकड्याने काय घडू शकते, याचा दाखला रेडिओच्या क्षेत्रात मिळतो. म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालत आले आहे. बायाबापड्यांचा स्वतःचा आवाज त्यावर ऐकू आला. अशा केंद्रांना ध्वनिलहरींच्या वापरासाठी वर्षाला १९,७०० रुपये द्यावे लागत. २०१२ साली दिल्लीने ते एका फटकाऱ्यात ९१,००० केले. देशातील अनेक सामुदायिक केंद्रांनी निषेध म्हणून प्रक्षेपण बंद ठेवले आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. संघटित झालेल्यांचे ऐकावे लागते, एवढे त्यातून दिसले. केबलच्या चालकांची संघटना शहरांत आहे; प्रेक्षकाची कोठेच नाही.

आता अमेरिकेचे उदाहरण. तो देश समाजवादी नाही, हे सांगणे नकोच. तिथे १९८४ च्या कायद्याने शहरांना केबल कंपनीच्या ढोबळ उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत शुल्क घेण्याची मुभा आहे. हा पाहणाऱ्यावरचा कर नव्हे. सार्वजनिक रस्ता वापरल्याचे ते भाडे आहे. २००५ साली टेक्सासने परवाना देण्याचा अधिकार शहरांकडून काढून राज्याकडे घेतला, तरी शहरांचा पैसा शहरांकडेच ठेवला. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे गावाला मिळते, ते पंचायत राज्याचा उदोउदो करणाऱ्या महाराष्ट्रात मिळू नये?

घटनेने दार पूर्ण बंद केलेले नाही. वस्तू व सेवा करासाठी झालेल्या २०१६ च्या १०१ व्या दुरुस्तीने करमणूक कर राज्याकडून काढला, पण पंचायती आणि नगरपालिका जेवढा लावतील आणि वसूल करतील तेवढा शिल्लक ठेवला. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२४ मध्येही जत्रा, उत्सव व करमणुकीवरील कराचा उल्लेख आहे. तेव्हा म्हसवड पालिकेने किंवा एखाद्या ग्रामपंचायतीने हा कर लावावा काय? घाईने लावू नये. १८ टक्के भरणाऱ्या ऊसतोडणी कामगाराच्या घरावर आणखी दहा रुपये चढवणे हा न्याय नव्हे. जकातीपोटी महानगरपालिकांना भरपाई देण्याचा कायदा राज्याने २०१७ सालीच केला. त्याच रीतीने केबलवरील राज्याच्या नऊ टक्क्यांतला ठराविक हिस्सा जोडण्यांच्या संख्येवर गावांना मिळावा. आणि रस्त्याचे भाडे घ्यायचे ते वरच्या मोठ्या जाळेवाल्या कंपनीकडून. साठ घरांच्या चालकाकडून नव्हे, ग्राहकाकडून तर नव्हेच. ते बिलात ढकलता येणार नाही, अशी अट आधी लिहून घ्यावी लागेल. कंपन्या नेमकी तीच अट टाळू पाहतील.

पहिले काम मात्र साधे आहे. गावात केबलच्या जोडण्या किती, छत्र्या किती, महिन्याला बिल किती, हे वस्तीवार लिहून काढणे. हा तक्ता कोणत्याही कचेरीत तयार मिळणार नाही. १ मेच्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक शाखेने आपापल्या गावाचा तक्ता पुरा करावा आणि ठरावाला जोडूनच तो सभेपुढे ठेवावा.