चित्रकार फोन्सेका ह्यांची मरियामाता
(सुवर्णमहोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या मंदिरात वेदीमागे नवे चित्र कोणते लावावे, असा प्रश्न ह्या महोत्सवात उपस्थित झाला आहे. म्हणून एका चित्रकाराचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते. आंजेलो द फोन्सेका हे १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह बेटावर जन्मले. वैद्यकाचे शिक्षण सोडून ते शांतिनिकेतनात नंदलाल बसूंजवळ चित्रकला शिकले. युरोपीय नमुन्यांची नक्कल त्यांनी केली नाही. पातळ जलरंगात त्यांनी आपल्याच भूमीची सृष्टी व माणसे रेखाटली, आणि त्या माणसांतूनच साडी नेसलेली मरियामाता प्रकट झाली. गोव्यात पुष्कळांस हे रुचले नाही. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांस आश्रय मिळाला. १९६७ साली पुण्यातच त्यांनी देह ठेवला.

ते चित्र प्रथम पाहिले तेव्हा आम्हीही दचकलो, हे कबूल केले पाहिजे. मागाहून लाज वाटली. ज्या वेषात आमच्या आईने आम्हांस जपमाळ शिकविली, तो वेष देवमातेस अशोभनीय कसा? प्रभूने खरोखर मनुष्यदेह धारण केला, ही आपली श्रद्धा. मग त्याची माता आपल्या शेताच्या बांधावरही आपणांस ओळखता यावी. चित्र निवडण्यापूर्वी एवढा विचार करावा, हीच विनंती.