आधी खोका, मग माणूस

आज पदवी घेतलेल्या डॉक्टरांनो,

तुमचं अभिनंदन. ते आज सगळेच करतील, म्हणून मी एवढ्यावरच उरकतो. माझ्या पदवीदानाला पाहुणे कोण होते आणि ते काय बोलले, यातलं मला काहीही आठवत नाही. तेव्हा तुमच्याकडूनही मी फार अपेक्षा ठेवून आलेलो नाही.

मी परभणीचा सर्जन. आमच्याकडची म्हण तुम्ही ऐकली असेल, जगात जर्मनी आणि भारतात परभणी. ती कुठून आली यावर परभणीत चहा संपेपर्यंत वाद होतो. मला मात्र ती धंद्यापुरती अगदी खरी वाटते. ज्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवर माझं घर चाललं, तिची पहिली पावलं जर्मनीतच पडली. कील शहरातले कुर्ट झेम हे स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी १९८० साली दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं. कौतुक दूरच, सर्जन मंडळी खवळली आणि यांना डॉक्टरकी करू देऊ नका अशी मागणी झाली. पुढे १९८५ मध्ये एरिश म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तर तिथल्या सर्जनांच्या परिषदेत त्यांची थट्टा झाली. काही वर्षांनी त्याच मंडळींनी त्यांचा सन्मान केला. आपल्या धंद्यात नव्या माणसाला आधी वेड्यात काढतात आणि मग शाल देतात. जर्मनीत काय आणि परभणीत काय.

पण झेम यांची दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. त्यांनी शिकणाऱ्यांसाठी एक खोकाही तयार केला होता. आत हत्यारं घालायची आणि रुग्णाला हात लावण्याआधी त्यात हात बसवायचा. शस्त्रक्रिया आणि तिचा सराव दोन्ही गोष्टी एकाच माणसाने दिल्या. आपण शस्त्रक्रिया आणली आणि खोका तिकडेच राहू दिला. माझी सगळी तक्रार एवढीच आहे. पण ती सांगायला मी वेळ घेणार आहे.

मराठवाड्यातल्या खेड्यांनी दुर्बीण पहिल्यांदा पाहिली ती कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत. मी तेव्हा जिंतूर तालुक्यात एका आरोग्य केंद्रावर नोकरीला होतो. मार्च महिना आला की उद्दिष्ट पूर्ण करायची घाई सुरू व्हायची. शाळेच्या खोल्यांत सतरंज्या पडायच्या, जीपमधून सर्जन यायचे आणि बायांची रांग लागायची. 'बिनटाक्याचं ऑपरेशन' म्हणत त्याला. नळीवर रबराची रिंग चढवायची की झालं. सर्जनचा हात चालायला लागला की थांबायचा नाही. आणि तो हात चालायला कुठे शिकला? त्याच रांगेत. नवा डॉक्टर आला की त्याला बाजूला उभं करायचे, दोन-चार दाखवायचे आणि पुढची बाई त्याच्या स्वाधीन करायची. त्या बाईला ती कुणाचा पहिला धडा आहे, हे कुणी सांगितलं नाही. विचारायची तर पद्धतच नव्हती.

तिकडे मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात १९७२ पासून दुर्बिणीतून पोट तपासायला सुरुवात केली होती. १९९० साली त्यांनी तिथेच दुर्बिणीने पित्ताशय काढलं, देशात पहिल्यांदा. म्हणजे मधली अठरा वर्षं हा माणूस दुर्बिणीतून पोट बघत होता. हे आमच्या पिढीने सोयीस्करपणे विसरायचं ठरवलं. बातमी पसरली आणि आम्ही सगळे दोन दिवसांच्या कार्यशाळांना धावलो. पहिल्या दिवशी व्याख्यानं, दुसऱ्या दिवशी पडद्यावर थेट शस्त्रक्रिया, संध्याकाळी जेवण आणि प्रमाणपत्र. परतीच्या गाडीत बसण्याआधीच गावी फोन जायचा, पेंटरला बोलावून ठेव. बोर्ड आधी लागायचा आणि हात नंतर तयार व्हायचा. लोकही हुशार झाले होते. पूर्णेकडच्या एका म्हाताऱ्याने मला तोंडावर विचारलं होतं, "साहेब, पोट फाडायलेत का भोकं पाडायलेत? भोकं असतील तरच बसतो."

भोकं पाडणं सोपं आहे. पुढचं अवघड. हत्यार पोटाच्या भिंतीतून आत जातं, त्यामुळे तुम्ही हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं. समोर पडदा सपाट, त्यात खोली दिसत नाही. बोटाला ऊतींचा स्पर्श कळत नाही. हाताला जराशी थरथर असेल तर ती टोकाशी मोठी होऊन दिसते. हे ज्ञान नाही, ही सवय आहे. ती पुस्तकातून लागत नाही आणि तीन वर्षं सरांच्या शेजारी कॅमेरा धरूनही लागत नाही. कॅमेरा धरून फक्त खांदा दुखतो आणि कॅमेरा हलला म्हणून शिव्या मिळतात.

सवय नसलेल्या हाताने काय होतं, ते मी शेजारच्या एका गावात पाहिलं. गावाचं आणि डॉक्टरचं नाव घेणार नाही. ऊसतोडीला जाणारी बाई, पित्ताशयात खडे. पित्ताशयाच्या नळीऐवजी मुख्य पित्तनलिकेला क्लिप लागली. आठवड्याने बाई पिवळी पडली आणि मग हैदराबादच्या वाऱ्या सुरू झाल्या. ती वाचली. नवऱ्याने बैलजोडी विकली.

आता सुश्रुताकडे वळतो. हसू नका, मी अभिमानाचं भाषण करत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय आहे, योग्यासूत्रीय. त्यात सराव कशावर करायचा ते लिहिलंय. कापायला कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी. भेदायला चिखलापाण्याने भरलेली कातड्याची पिशवी. शीर उघडायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. टाके घालायला कापड आणि मऊ कातडं. पट्ट्या बांधायला माणसाचा पुतळा. सगळं शास्त्र वाचलेला पण सराव न केलेला माणूस कामाला नालायक, असं तो स्पष्ट म्हणतो. सुश्रुताचे फोटो आपण प्रत्येक शल्यविभागात लावलेत. काकडी मात्र कॅन्टीनमध्येच दिसते.

मी परभणीत खोका केला तो असाच. प्लास्टिकचा डबा, झाकणाला दोन भोकं, आत एक बल्ब आणि संगणकाच्या दुकानातून आणलेला वेबकॅम. आता तर मोबाइलच पुरतो. शेतकी विद्यापीठाच्या गावात तुरीला तोटा नाही. एका झाकणातला दाणा डाव्या चिमट्याने उचलायचा, हवेतच उजव्याला द्यायचा आणि दुसऱ्या झाकणात ठेवायचा. पुढे बकऱ्याची कलेजी पित्ताच्या पिशवीसकट मागायला खाटकाकडे गेलो. तो म्हणाला, "डॉक्टर, लोकं पित्त काढून द्या म्हणत्यात, तुम्ही पित्तच मागायलात!" तेव्हापासून माझ्याकडे शिकायला येणारी मुलं आधी कलेजीशी झगडतात. ओटीतल्या सिस्टर म्हणतात, खोक्यावरून आलेला पोरगा पहिल्याच दिवशी ओळखू येतो. तो हत्यार शोधत बसत नाही.

अमेरिकेत २०१० पासून सर्जनला अंतिम परीक्षेला बसण्याआधी अशाच साध्या खोक्यावरची परीक्षा पास व्हावी लागते. पाच कामं असतात. रबराचे तुकडे एका हातातून दुसऱ्या हातात देत हलवणं, जाळीवर आखलेलं वर्तुळ कापणं, फासाने बांधणं आणि दोन प्रकारच्या गाठी. तुकडे हलवायला जाणकाराला ४८ सेकंद लागतात. तुम्ही आज रात्री घरी करून बघा, किती लागतात ते. येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००२ साली सोळा शिकाऊ सर्जन घेतले आणि अर्ध्यांना आधी संगणकी सिम्युलेटरवर तयार केलं. ओटीत त्यांनी पित्ताशय २९ टक्के लवकर सोडवलं. सराव न केलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट निघाली. सोळाच माणसं, मान्य. पण पाचपट.

"आमच्याकडे पैसा नाही," हे उत्तर मला देऊ नका. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियासाठी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं, त्याचा अभ्यास केला आणि तो छापला. दोंडाईच्याला जमलं ते इतरांना का जमू नये? उलट जिथे पैसा आहे तिथली गंमत ऐका. एका महाविद्यालयात, कुठल्या ते राहू द्या, मला लाखो रुपयांचा सिम्युलेटर दाखवायला नेलं. किल्ली सापडायला अर्धा तास गेला. यंत्रावरचं प्लास्टिकचं आवरणसुद्धा काढलेलं नव्हतं. तपासणीला लोक आले की दार उघडायचं आणि ते गेले की कुलूप, कारण मुलं बिघडवतील! यंत्र बिघडलं तर कंपनीचा माणूस येतो. पित्तनलिका बिघडली तर कोण येतो?

परभणीतही २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. तुमच्यापैकी एमएसला जाणारे तीन महिने जिल्हा रुग्णालयांत राहायला येतील. तिथे गर्दी असते, तुम्हाला हात मारायला मिळेल आणि त्याचा तुम्हाला आनंद होईल. माझं सांगणं तेवढ्यापुरतंच आहे. सरकारी दवाखान्यातला माणूस म्हणजे तुमची पाटी नव्हे, गिरवलं आणि पुसलं. पैसेवाल्याला शिकाऊ हात लागत नाही, तो नेहमी त्यालाच लागतो ज्याला विचारायचं धाडस नाही. शिकणं कुठेतरी व्हावंच लागतं, हे मला कळतं. माझी पिढीही अशीच शिकली. पण पहिली शंभर अडखळणं खोक्यात होऊ शकत असताना ती पोटात करणं याला मी शिक्षण म्हणत नाही.

दाणे न पाडता दुसऱ्या झाकणात जात नाहीत, खोक्यात गाठ बसत नाही, तोवर ओटीत हत्यार मागू नका. सर स्वतःहून देतील, तरी "आज नाही" म्हणा. शिव्या बसतील, बसू द्या. आणि अधिष्ठाता महोदय, आपल्या कौशल्य प्रयोगशाळेची किल्ली कार्यालयात न ठेवता रात्रपाळीच्या रेसिडेंटकडे द्या. दिवसा त्यांना वेळ नसतो.